लोहगावहून जोरहाट : पोस्टिंग आली, आता आधी काय?

प्रश्न कोरेगाव तालुक्यातल्या एका वहिनींचा आहे. मिस्टर हवाई दलात कॉर्पोरल, सध्या पुण्याच्या लोहगाव तळावर, तिथल्याच कॅम्पमधल्या क्वार्टरमध्ये. पोस्टिंग आली जोरहाटची आणि जूनअखेर तिथे हजर व्हायचे आहे. मुलगी तिसरीत, लोहगावच्याच केंद्रीय विद्यालयात. सासूबाई जवळ असतात, त्यांना शुगर. माहेरचे म्हणतात, आसाम कुठल्या कुठे, तू पुण्यात दोन खोल्या घेऊन राहा. त्यांनी विचारलेय: जायचे की राहायचे, आणि जायचे तर सुरुवात कुठून करायची?

वहिनी, आधी उत्तर, मग पुराण. जा. पण मिस्टरांच्या बरोबर जाऊ नका, मागून जा. बदलीत संसार मोडतो तो अंतराने नाही, चुकीच्या क्रमाने. क्रम साधला तर तीन हजार किलोमीटर फार वाटत नाहीत. तो चुकला तर लोहगावहून ओझरला जातानासुद्धा रडू येते.

मी हवाई दलात क्लर्क जीडी, म्हणजे जनरल ड्यूटीचा कारकून होतो. हल्ली त्या ट्रेडला अ‍ॅडमिन असिस्टंट म्हणतात. सांबऱ्याला बेळगावजवळ ट्रेनिंग झाल्यावर हलवारा, जोरहाट, नलिया आणि शेवटी लोहगाव. अठ्ठावीस वर्षे लोकांच्या मुव्हमेंट ऑर्डरी टाइप केल्या, त्यांचे क्लेम परत आलेले पाहिले, आणि स्वतःच्या बदलीत त्याच चुका केल्या. म्हणून हे लिहायचा थोडा हक्क आहे.

मिस्टर आधी का? क्वार्टरसाठी. नव्या स्टेशनला, म्हणजे तळावर, हजर झाल्याची नोंद झाली की अर्ज करायचा, मग यादीत नाव लागते. यादी कधी दोन महिन्यांत हलते, कधी सहा महिने हलत नाही. तेवढे दिवस एकटा माणूस बिलेटमध्ये, म्हणजे बराकीत, राहतो, एअरमेन मेसमध्ये जेवतो, त्याचे काही अडत नाही. तुम्ही, मुलगी आणि शुगर असलेली म्हातारी आई अशी माणसे बरोबर असली, तर मात्र त्याला पहिल्या आठवड्यात कॅम्पबाहेर मिळेल ते घर घ्यावे लागते. तेही जूनमध्ये. आसामात तेव्हा पावसाचा जोर असतो. बाहेरच्या बैठ्या घरांत अंगणात पाणी, भिंतीला ओल, आणि दाखवताना घरमालक सांगतो की यंदाच जरा जास्त आहे.

तेव्हा पहिला कागद म्हणजे लोहगावचे क्वार्टर काही काळ तुमच्याकडेच ठेवण्याचा अर्ज. मुलीच्या शाळेचे कारण चालते, पण मंजुरी स्टेशनच्या हातात असते. आणि हा अर्ज मिस्टर निघण्याच्या आधी जायला हवा. क्लिअरन्स चिटवर सगळ्या सह्या झाल्या, माणूस गाडीत बसला, आणि मग बायकोने फोन केला की 'अहो, ते क्वार्टरचे राहिले', असे मी निदान वीस वेळा पाहिले असेल. क्लिअरन्स चिट म्हणजे स्टोअर, लायब्ररी, मेस, मेडिकल अशा एकेका ठिकाणी फिरून 'याच्याकडे आमचे काही येणे नाही' असे लिहून घ्यायचा कागद. त्या फिरण्यात चार दिवस जातात, कारण ज्याची सही हवी तो नेमका रजेवर असतो. मिस्टरांना सांगा, आजच सुरू करा.

दुसरा कागद पीओआर, म्हणजे माणसाच्या बाबतीत घडलेल्या घटनेची ऑफिसने काढायची अधिकृत नोंद. बाहेरच्यांना ही भानगड कळत नाही. लग्न झाले, मूल झाले, क्वार्टर मिळाले, क्वार्टर सोडले, अशा प्रत्येक घटनेची पीओआर निघते आणि ती दिल्लीला सुब्रतो पार्कच्या हिशेब ऑफिसात पोचली की पगारात फरक पडतो. नलियाला मला क्वार्टर मिळाले, आम्ही राहायला गेलो, आणि ताबा घेतल्याची पीओआर काढायची राहिली. कोणाकडून? माझ्याकडून. अख्ख्या युनिटच्या पीओआर मी काढत होतो आणि माझीच राहिली. चौदा महिने घरभाडे भत्ता चालू राहिला. बायकोने त्यातून मिक्सर घेतला, आम्ही खूश. पंधराव्या महिन्याला खाते डेबिटमध्ये गेले आणि पुढे वर्षभर पगारातून हप्ते कापले गेले. तेव्हा मिस्टर लोहगाव सोडतील, तुम्ही मागून क्वार्टर सोडाल, जोरहाटला ताबा घ्याल, या तिन्ही वेळी विचारा, 'पीओआर निघाली का?' चिडले तर चिडू देत.

शाळेची काळजी तुम्ही सगळ्यात जास्त केलीय आणि तीच सगळ्यात सोपी आहे. एका केंद्रीय विद्यालयाचा टीसी आणि वडिलांच्या बदलीची ऑर्डर असली की दुसऱ्या केंद्रीय विद्यालयात त्या मुलाला प्रवेशाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. जोरहाटला एअर फोर्सच्या कॅम्पचे केंद्रीय विद्यालय आहे. पुस्तके तीच, अभ्यासक्रम तोच. मुलगी सप्टेंबरमध्ये गेली काय नि ऑक्टोबरमध्ये गेली काय, धडा दुसरा चालू असेल इतकेच. खरा त्रास महाराष्ट्र बोर्डातल्या मुलांना होतो, आणि तोही आठवीनंतर. तिसरीतल्या पोरीला दोन आठवड्यांत मैत्रिणी मिळतात. एक करा, टीसी मागण्याआधी तिच्या नावाचे स्पेलिंग जन्मदाखला, आधार, डिपेंडंट कार्ड आणि शाळेचे रजिस्टर या चारही ठिकाणी एकच आहे ना ते पाहा. आपल्याकडे आडनाव कधी पुढे, कधी मागे, मधे वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. दुरुस्ती पुण्यात बसून दोन दिवसांची, जोरहाटहून दोन महिन्यांची.

सासूबाईंचे नाव आश्रित म्हणून नोंदलेले आहे असे धरून चालतो. नसेल तर तो अर्ज सगळ्यात आधी. जोरहाटला ५ एअर फोर्स हॉस्पिटल आहे, म्हणजे शुगरच्या गोळ्यांसाठी वणवण नाही. निघताना पुण्यातल्या डॉक्टरांकडून आजवरच्या उपचाराचा एक पानी गोषवारा लिहून घ्या आणि दोन महिन्यांच्या गोळ्या बरोबर ठेवा. इन्सुलिन असेल तर प्रवासात रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, बर्फाला थेट चिकटणार नाही असे.

आता सामान. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण जोरहाटचे खरे दुखणे हेच.

आम्ही १९९८ च्या जूनमध्ये तिथे गेलो. दोन काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव, रँक, नंबर. बायकोने लग्नातला शालू वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता, डांबराच्या गोळ्या टाकून, गावाकडे ठेवतात तसाच. ट्रंक जमिनीवर, कोपऱ्यात. ऑक्टोबरात पाऊस ओसरला, चांगले ऊन पडले, तेव्हा तिने ती उघडली. आधी कुबट वास आला. मग तळाला गंजाचे तांबडे कडे दिसले. कागद शालूला चिकटला होता, तो अलगद सोडवला तर पदरावर वर्तमानपत्राची अक्षरे उलटी उमटलेली, आणि काठाला पांढुरक्या बुरशीचे ठिपके, पीठ सांडल्यासारखे. ती काही बोलली नाही. शालू तारेवर टाकला आणि आत जाऊन भात लावला. मी आरसा आणून त्या अक्षरांत काय छापलेय ते वाचायचा प्रयत्न केला, ते मात्र तिला अजिबात आवडले नाही.

म्हणून सांगतो. कपड्यांना वर्तमानपत्र लावू नका, जुने सुती धोतर किंवा मलमल वापरा. ट्रंका विटांवर चढवा, भिंतीपासून वीतभर लांब. कपाटात वाटीभर चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना ठेवा, ती ओल ओढते, भुगा झाली की बदला. मुलीचा हात मात्र पोचणार नाही अशा जागी, डोळ्यात गेली तर घातक. सर्टिफिकेटे, फोटो, चामड्याचे पट्टे यांच्या खणात छोटा पिवळा बल्ब रोज तासभर लावायची तिथली जुनी पद्धत आहे. आपल्या कोकणातही कोणी कोणी करतात. बल्ब कपड्याला टेकणार नाही एवढे बघा. शालू-पैठणी न्यायच्याच असतील तर एक न्या, बाकीच्या सासरी ठेवा.

लाकडी फर्निचर नेऊच नका. पलंग, टेबल, खुर्च्या एमईएसकडून, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याकडून, क्वार्टरमध्ये मिळतात, रँकप्रमाणे ठरलेल्या. सुंदर नसतात, मजबूत असतात. प्लायवूडचे कपाट तिथे एका पावसाळ्यात फुगते. आणि ताबा घेताना यादीवर सही करण्याआधी प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक बटण दाबून बघायचे, तडा गेलेले बेसिन आणि फुटकी काच यांचे फोटो काढायचे आणि यादीत तसे लिहून घ्यायचे. नाहीतर तीन वर्षांनी निघताना ती काच तुमच्या नावावर लागते. लोहगावचे क्वार्टर सोडताना हेच उलट्या बाजूने होईल. भिंतीत ठोकलेले खिळे काढून भोके बुजवा, ओट्यामागचे तेलकट डाग घासा. बघायला येणारा माणूस आधी स्वयंपाकघरातच शिरतो.

न्यायचे काय? चांगल्या मच्छरदाण्या, दोन जास्तीच. छत्र्या. मुलीला प्लॅस्टिकचे बूट, कारण चामड्याचे वाळत नाहीत. थंडीला पुण्याचीच रजई पुरते. ज्वारी दाण्यातच न्या, पीठ करून नेले तर दमट हवेत पंधरा दिवसांत कडू होते. आमसुले, गोडा मसाला, तीळकूट. तूर डाळ न्यायची काही गरज नाही, सगळे मिळते. जाणारा प्रत्येक मराठी माणूस आसाम म्हणजे चंद्र समजून डाळ-तांदूळ नेतो. तांदूळ तर तिथून आणायची चीज. जोहा तांदूळ शिजताना शेजारच्या घरापर्यंत वास जातो.

पैशाचे थोडक्यात. बदलीचा एकरकमी भत्ता मूळ पगाराच्या ८० टक्के असतो, त्यातला काही आगाऊ उचलता येतो. सामान वाहतुकीचे वेगळे मिळते, पगाराच्या लेव्हलप्रमाणे वजनाची मर्यादा ठरलेली आहे. पॅकर्सवाल्याकडून जीएसटीचे बिल, बिल्टी (ट्रकने माल नेल्याची पावती) आणि वजनाची पावती या तीन गोष्टी घ्याच. बिल्टीवर ट्रकचा नंबर नसला की क्लेम परत येतो. क्लेमची मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवसांची. आणि एक गोष्ट स्पष्ट लिहितो. 'साहेब, सामान थोडेच आहे, पण बिल पूर्ण वजनाचे देतो, फरक वाटून घेऊ', असे म्हणणारा एखादा तरी भेटेल. त्याला चहासुद्धा विचारू नका. ट्रकचे नंबर तपासले जातात, टोलच्या नोंदी तपासल्या जातात, आणि चार-पाच हजारांपायी पेन्शनीवर पाणी सोडलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांची कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कागदपत्रे मीच टाइप केली.

स्कूटर. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी पुण्याच्या आरटीओची एनओसी. तीन वर्षांसाठी जाताय, तेव्हा ती आत्ताच काढून ठेवा. स्कूटर रेल्वे पार्सलने जाते. टाकी पूर्ण रिकामी, गोणपाटाचे वेष्टन, आरसे काढलेले, आरसीची झेरॉक्स, आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत कुठून कुठे. पण ती सात-आठ वर्षांची झाली असेल तर सरळ विका आणि तिथे जुनी घ्या. कॅम्पमध्ये कोणी ना कोणी बदलून जाणारा असतोच. पुढे कधी कार घेतलीत तर बीएच सिरीजचा, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणारा, नंबर घ्या. २०२१ पासून ती सोय आहे आणि ती आपल्यासारख्या फिरस्त्यांसाठीच काढलेली आहे.

विकायची तर ओळखीत विका. ऑनलाइन जाहिरातीत 'मी फौजी आहे, बदली झालीय, स्वस्तात गाडी देतो' हे ठगांचे इतके आवडते वाक्य झालेय, की खऱ्या फौजीने ते खरे लिहिले तरी लोक फोन ठेवून देतात. आणि कोणालाही मिस्टरांच्या ओळखपत्राचा किंवा मुव्हमेंट ऑर्डरचा फोटो पाठवू नका. ठग तेच कागद पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतात. पॅकर्सवाल्याला पत्ता आणि फोन पुरतो. कोणत्या युनिटला चाललात, कधी चाललात, हे स्टेटसवर टाकायचे नाही. नणंदेलाही तोंडीच सांगा.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचे. त्यावर तिकडे नवे कनेक्शन मिळते. शेगडी तेवढी न्या.

प्रवास. तिकिटे आता बहुतेक डीटीएसवरूनच, म्हणजे सैन्यदलांच्या ऑनलाइन तिकीट व्यवस्थेवरून, निघतात, कुटुंबाचे मागून जाणेही त्यात बसते, पण तसे निघण्याआधी मिस्टरांच्या ऑफिसात नोंदवून ठेवा. कुर्ल्याच्या टर्मिनसवरून गुवाहाटीची थेट गाडी दोन दिवसांहून जरा जास्त घेते. ती उशिरा पोचेल असेच धरून पुढची जोडगाडी निवडा. गुवाहाटीला एमसीओ, म्हणजे फौजींच्या प्रवासाची सोय बघणारे ऑफिस आहे, अडलात तर तिथे जा. आणि हे लक्षात ठेवा: मुख्य मार्गावरचे स्टेशन मरियानी. जोरहाट टाऊन त्याच्या फाट्यावर आहे. जोरहाटची गाडी दिसत नाही म्हणून लोक हताश होतात, मरियानीला उतरून गाडी केली की अर्ध्या-पाऊण तासात कॅम्प. सासूबाईंना अडीच दिवसांची रेल्वे झेपणार नसेल तर क्वार्टर मिळाल्यावर मिस्टर न्यायला येतील तेव्हा त्यांना विमानाने न्या. जोरहाटचा नागरी विमानतळ एअर फोर्सच्याच धावपट्टीवर आहे.

तिथे पोचल्यावर पहिला आठवडा तुमच्या घड्याळाचे काही खरे नसते. जूनमध्ये साडेचारच्या आत लख्ख उजाडते आणि डिसेंबरात दुपारी साडेचारला दिवेलागण. चहाच्या बागांनी यावर आपले वेगळे 'बागान टाइम' काढलेय, एक तास पुढचे. शाळेतून आलेली मुलगी जेवून उठते तोवर खेळायचे ऊन संपते, तेव्हा जेवण आधी की खेळ आधी हे भांडण थंडीत होणारच. पहाटे डोक्यावरून एएन-३२ हे मालवाहू विमान जाईल, अरुणाचलात रसद टाकायला. पहिल्या आठवड्यात दचकाल, महिन्याभराने ते गेले नाही तर विचाराल, आज हवा खराब आहे का?

बाजारात एक गंमत होईल. असमियात 'किमान' म्हणजे 'किती'. भाजीवालीला मी पहिल्या दिवशी हिंदीत म्हणालो, 'दीदी, किमान पाच रुपये तो कम करो', आणि ती तीनदा हसत भाव सांगत राहिली. तिला वाटले मी 'किती, किती' विचारतोय. तिथल्या बायका खेड्यातल्या आपल्या मावशांसारख्याच आहेत, आधी तामूल पुढे करतात, मग बोलतात. सुपारी ओली आणि कडक असते. पहिल्यांदा खाल्ली की कान गरम होतात, सासूबाईंना देऊ नका. जानेवारीतल्या भोगाली बिहूला तिळाचा पिठा आणि नारळाचे लाडू घरी येतील, नेमके आपल्या संक्रांतीच्या दिवसांत. आपण तिळगूळ द्यायचा. तिथे मला भोगीची भाजी चुकल्यासारखी कधी वाटली नाही.

कॅम्पमध्ये 'अफवा'च्या मीटिंगचे बोलावणे येईल. हसू नका, हवाई दलाच्या कुटुंब कल्याण संघटनेचे ते इंग्रजी आद्याक्षरांचे नाव आहे. मराठी बायका पहिल्या मीटिंगला एकमेकींकडे बघून पदर तोंडाला लावतातच. पण जा. शिवणाचा क्लास, शाळेची बस, कोणत्या डॉक्टरीण बाई चांगल्या, कोणाचे क्वार्टर रिकामे होणार, हे सगळे तिथेच कळते. माझ्या काळात क्वार्टर रिकामे होण्याची बातमी आमच्या ऑफिसच्या आधी तिथे असायची.

माहेरच्यांना काय सांगायचे? पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या, बाहेरची शाळा, एकटीने सासूबाईंचा दवाखाना, आणि मिस्टर वर्षाकाठी दोन-तीनदा रजेवर. त्या प्रत्येक रजेतले पाच दिवस रेल्वेत. हा हिशेब त्यांच्यापुढे मांडा. मुलगी दहावीत असती, किंवा सासूबाईंना डायलिसिस चालू असते, तर मीच म्हणालो असतो की पुण्यात राहा. तिसरीतल्या मुलीसाठी आणि शुगरच्या गोळ्यांसाठी संसार दोन ठिकाणी मांडायचे कारण मला दिसत नाही.

आणि गोडा मसाला एक किलो लिहिला असेल तर दोन करा. शेजारच्या भाभीजी, पंजाबी असोत की तेलुगू, एकदा आमटी चाखली की वाटी घेऊन येतात.